घरात मोठ्याने बायबल वाचताना अवघड अध्याय गाळावेत का?

रेल्वे क्वार्टर, भुसावळ

आमच्याकडे जानेवारीपासून सगळ्यांनी मिळून बायबल वाचणं चालू आहे. आम्ही घरचे, शेजारचं एक कुटुंब (त्यांची नऊ वर्षांची पोरगी धरून) आणि मुलाचे कॉलेजातले दोन मित्र. त्यातला एक ख्रिस्ती नाही. जेवणं उरकली की बसायचं, आळीपाळीने एकेकाने अध्याय वाचायचा, कोणी काही विचारलं तर बोलायचं, नाही तर प्रार्थना करून उठायचं. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, वर्षात संपवायचे तर दिवसाला तीन-चार. हिशेब सोपा आहे. माणसं जमवणं अवघड, कारण आमच्यातले बरेचजण शिफ्टवाले.

वाद निघाला तो बायबलमधल्या गणना पुस्तकावर. शेजारच्यांचं म्हणणं, शिरगणत्या, वंशावळ्या, निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं गाळा. आणि शास्ते पुस्तकाच्या १९ व्यासारखे अध्याय पोरांसमोर मुळीच नकोत.

माझं मत सरळ आहे: गाळायचं नाही. गणना २६ म्हणजे नुसती वंशांची आणि आकड्यांची यादी. पण त्या यादीतच मध्ये एक ओळ येते की सलाफहादला मुलगे नव्हते, मुलीच होत्या, आणि पाचही जणींची नावं दिलीत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पुढच्याच अध्यायात या पाचजणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेसमोर, सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहून विचारतात, बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का बुडावं, आम्हालाही जमिनीचं वतन द्या. आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

हे माझ्या बायकोने वाचलं आणि शेजारची वहिनी म्हणाली, "आणि आपण काय करतो? बहिणीला रजिस्ट्रार ऑफिसात नेऊन हक्कसोडवर सही घेतो." तिच्या माहेरी नुकतंच ते झालंय. भावाने साडी घेतली, जेवण दिलं, सही झाली. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे, त्यात मुलगा-मुलगी सारखेच, हे आमच्यातल्या अर्ध्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. बारा वाजले उठायला. शिरगणती गाळली असती तर?

संडे स्कूल शिक्षिका, धुळे

दादा, सलाफहादच्या लेकींची गोष्ट मी दरवर्षी शिकवते, शिरगणती न वाचता. पोरांना छान कळते. आणि तुम्ही गणना २७ वर थांबू नका, ३६ पण वाचा. तिथे त्याच मुलींवर अट येते की आपल्याच वंशात लग्न करायचं, म्हणजे जमीन बाहेर जायला नको. तुमच्या वहिनींना त्यावर काय वाटलं ते ऐकायला आवडेल.

आता माझा मुद्दा. पूर्ण वाचा ना, कोण नको म्हणतंय? पण नऊ वर्षांच्या पोरीला शेजारी बसवून शास्ते १९ वाचणार? एका बाईला रात्रभर गावगुंडांच्या हवाली करतात, सकाळी ती उंबऱ्यावर पडलेली असते, नंतर तिचे बारा तुकडे. हे तुम्ही ज्या आवाजात वाचणार त्याच आवाजात काल स्तोत्र २३ वाचलं असेल. नहेम्या ८ मध्ये एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत मोशेचं नियमशास्त्र वाचून दाखवलं, ते कोणापुढे? पुरुष, स्त्रिया आणि "ऐकून समजण्याजोगे" सगळे. समजण्याजोगे, हे तिथेच लिहिलंय. शिवाय लेवी लोक, म्हणजे मंदिराचे सेवक, मध्ये फिरून अर्थ सांगत होते. तुमच्या क्वार्टरमध्ये ते काम कोण करतं?

नव्या माणसाला उत्पत्तीपासून सुरू करून लेवीयमध्ये रुतवायचं, हेही मला पटत नाही. मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या गोष्टीपासून, सुरू करा.

केळीवाला, रावेर

गणना ७ कोणी गाळू नका, एवढंच सांगतो. बारा सरदार, बारा दिवस, प्रत्येकाचं अर्पण शब्दाला शब्द तेच. १३० शेकेलांचं (शेकेल म्हणजे त्यांचं वजनाचं माप) रुप्याचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, दहा शेकेलांचं धूपपात्र. आमच्याकडे चौथ्या सरदारापासून पोरं तोंडपाठ ओरडायला लागली. वर्षभरात त्यांनी एवढ्या आवडीने दुसरं काही ऐकलं नाही.

सातपुड्याकडचा, नवापूर तालुका

तुमचं भांडण पक्क्या घरातलं आहे, रागावू नका. आमच्याकडे दिवाळी झाली की बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत. परत येतात ती होळीच्या आसपास. जानेवारी ते डिसेंबरचा तक्ता इथे कोणाच्या कामाचा? जे मागे राहतात त्यांना आठवड्याआड शेतीपंपाला रात्रीची लाईट, म्हणजे साडेनवाला घरातला गडी पंपावर.

दुसरं म्हणजे वाचणार कोण? माझ्या आईला अक्षर येत नाही. तिला मराठी कळते, पण आतपर्यंत जाते ती मावची, आमची बोली. मावचीत बायबलचा नवा करार आहे, जुना करार मराठीतच ऐकावा लागतो. मग आम्ही काय करतो, रोजचं सोडून दिलं. लोक परत आले की एका रात्री एक पुस्तक. मार्काचे १६ अध्याय मोठ्याने वाचले तर दोन तासांत होतात. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र तर २५ वचनांचं, चहा उकळेपर्यंत संपतं. पौल प्रेषिताची पत्रं मंडळीत अशीच सलग वाचली जायची. कलस्सैच्या पत्रात तो स्वतःच सांगतो, हे तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचा. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, वचनांचे आकडे सोळाव्यात. त्यांच्या मागे धावून रोज तीन-चारची हजेरी भरायची सक्ती कोणी केली?

गाळण्याबद्दल: लेवीय १९ मध्ये शेताचे कोपरे कापू नका, सरवा गरिबासाठी सोडा, हे वाचलं तेव्हा आई म्हणाली, आपण लहानपणी भुईमूग निघालेल्या वावरात शेंगा वेचायचो ते हेच. पाटील हाकलायचा. लेवीयमध्ये आमच्याकडे कोणी रुतत नाही मॅडम.

टाळकरी, मुक्ताईनगर

मी तुमच्यातला नाही, पण विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्याकडे सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. १८ अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवसांत. एकही ओवी गाळत नाहीत. पण खरं सांगायचं तर सकाळी व्यासपीठावरून वेग असा असतो की अर्थ लागायची सोय नाही, निम्मे वाचक पान शोधण्यातच. त्यासाठीच संध्याकाळी कीर्तन. बुवा एकच अभंग घेतात आणि दोन तास त्यावर उभे राहतात. दोन्ही लागतं. भुसावळवाल्या भाऊंचं नुसतं पारायण चाललंय, धुळ्याच्या ताईंना नुसतं कीर्तन हवंय, असं मला दिसतं.

दार लावून

मत्तय ६ मध्ये प्रभू म्हणतो, खोलीत जा, दार लाव, गुप्तपणे प्रार्थना कर. दहा जणांत बसून वाचणारा माणूस वाचत नाही, वाचताना कसा दिसतो ते बघतो. आणि परधर्मीय पोराला रोज घरी बसवायचं, याचा अर्थ बाहेरचे लोक काय लावतील ते लिहायला हवं का? काळ बघा जरा.

रेल्वे क्वार्टर, भुसावळ

एकेकाला उत्तर देतो.

दार लावून: ते प्रार्थनेबद्दल आहे, वाचनाबद्दल नाही. आणि दोन्ही करता येतं. स्कॉटलंडच्या डंडीमधल्या रॉबर्ट मॅकशेन नावाच्या पाळकाने १८४२ मध्ये वर्षाचा तक्ता केला, तो आजही लोक वापरतात. त्यात रोजचे चार उतारे, दोन कुटुंबात वाचायचे, दोन एकट्याने. मित्राबद्दल तो स्वतः लिहील, मी त्याच्या वतीने बोलणार नाही.

टाळकरी आप्पा: पारायणाचं कबूल. पण आमच्याकडे बुवा नाहीत हीच गंमत आहे. पाळकसाहेब समोर असले की कोणी हक्कसोडचं बोललं नसतं.

नवापूरचे भाऊ: तक्ता तुमच्यासाठी नाही, मान्य. पण एका रात्री एक पुस्तक करताना यिर्मयाचे ५२ अध्याय कधी घेणार? छोटी पुस्तकंच परत परत वाचली जातील. तेही गाळणंच झालं.

मॅडम: तुम्ही नहेम्या ८ दाखवलंत, मी अनुवाद ३१ दाखवतो. दर सात वर्षांनी मांडवांच्या सणात हे नियमशास्त्र सगळ्यांना वाचून दाखवा. सगळे कोण? पुरुष, स्त्रिया, लेकरं आणि वेशीच्या आतला उपरी, म्हणजे परका. लेकरं आणि उपरी, दोन्ही तिथे लिहिलेत. आणि शास्ते १९ चं शेवटचं वचन काय सांगतं? याचा विचार करा, मसलत करा, बोला. अध्यायच बोला म्हणतो आणि आपण तो पान उलटून टाकायचा? वर्तमानपत्रात आठवड्याला असलं काही येतंच. पोरी ते वाचतात.

तोच मित्र, जळगाव

मला कोणी ओढून नेलं नाही, कोणी काही सोडायलाही सांगितलं नाही. इतिहासाचा विद्यार्थी आहे, प्रश्न विचारतो, काकू कळण्याची भाकरी खाऊ घालतात. 'दार लावून' यांना एकच विचारतो, माझ्या आईला यात काही वाटलं नाही, तुम्हाला का वाटतंय?

बाकी वाचनाबद्दल: मला वंशावळ्याच आवडतात. 'पहिला इतिहास' या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय सगळी नावंच. आमच्या घरी भाट यायचा पूर्वी, वही उघडून पिढ्या वाचायचा. आजोबा ताठ बसून ऐकायचे.

संडे स्कूल शिक्षिका, धुळे

अनुवाद ३१ मध्ये वाचायला सांगितलंय ते नियमशास्त्र, शास्तेचा ग्रंथ नव्हे. तेवढा फरक ठेवा. आणि वर्तमानपत्रात येतं म्हणता, पण वर्तमानपत्रावर आपण "हे देवाचं वचन" असं म्हणत नाही. लहान मूल तोच घोटाळा करतं: देवाच्या पुस्तकात आहे म्हणजे देवाला चालतं. बारा वर्षांच्या मुलाने मला वर्गात अगदी हे विचारलंय. शास्तेचा शेवट तरी त्याच दिवशी वाचा, त्या काळी राजा नव्हता आणि जो तो आपल्या मनाला येईल तसं करी, हे वाक्य ऐकल्याशिवाय पोरांना झोपायला पाठवू नका. म्हणजे १९, २०, २१ एका बैठकीत. तुमच्या तक्त्यात बसतं.

आणि त्याआधी त्या मुलीच्या आईला विचारा. तुम्हाला नाही, तिला ठरवू द्या.

रेल्वे क्वार्टर, भुसावळ

तिन्ही अध्याय एकत्र घेऊ, ते पटलं. वहिनींना आत्ताच फोन केला. त्या म्हणाल्या, आधी मी एकटी वाचते, मग सांगते पोरगी बसेल की नाही. आणि गणना ३६ वर त्यांचं मत तुम्ही विचारलं होतं मॅडम, ते त्यांनी दिलंय, पण इथे लिहिण्यासारखं नाही.