मदत हवी आहे : गिटार पेडलच्या इनपुट जॅकमधील रिंग आणि स्लीव्हचे पाय कसे ओळखावेत?

घरी जुळवलेल्या फझ पेडलचे (गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या डबीचे) सर्किट आणि फूटस्विच व्यवस्थित चालतात. अडचण केवळ इनपुट जॅकची आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीची काळी तार स्टिरिओ जॅकच्या रिंगला (स्टिरिओ पिनच्या मधल्या कड्याला टेकणारा संपर्क) आणि सर्किटचा ग्राउंड (सामाईक परतीची तार) स्लीव्हला (पिनच्या दांड्याला टेकणारा संपर्क) जोडला, की मोनो पिन, म्हणजे गिटारच्या केबलचा सलग दांड्याचा प्लग, आत असेपर्यंतच बॅटरी चालू राहते, हे तत्त्व ठाऊक आहे. परंतु नांदेडमध्ये साधा उघडा जॅक मिळाला नाही; मिळाला तो प्लास्टिकचा, सहा पायांचा आणि पायांवर कसलीही खूण नसलेला. पिन घालताच संपर्क सुटणारे स्विचचे तीन पाय मल्टिमीटरने वेगळे काढले, टिपचा (पिनच्या टोकाला टेकणारा) पायही सापडला. उरलेल्या दोन पायांना मात्र पिनच्या दांड्याशी सारखीच बीप येते, आणि स्टिरिओ पिन जवळ नाही. अ‍ॅडॅप्टरचे सॉकेट बसवलेले नाही. डबीला याच मापाचे भोक पाडून झाल्यामुळे दुसरा जॅक शक्यतो नको.

मोनो पिनवर हे दोन्ही संपर्क एकत्रच होणार असतील, तर त्यांची अदलाबदल झाल्याने काही बिघडते का? आणि या जॅकची मान प्लास्टिकची असल्याने अ‍ॅल्युमिनियमच्या डबीला ग्राउंडची स्वतंत्र तार द्यावी, की आउटपुटचा धातूचा जॅक त्यासाठी पुरेसा आहे?