मॅथिल्डकडे पुन्हा यान पाठवावं का?

निरभ्र:
253 मॅथिल्ड म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला साधारण 53 किमीचा कार्बनी लघुग्रह, अंगावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम 4 टक्के परत फेकतो, एवढा काळा. 27 जून 1997 ला नासाचं निअर यान 1212 किमीवरून त्याला ओलांडून गेलं, मुक्काम इरॉस या दुसऱ्या लघुग्रहाला होता ना. सूर्य लांब, पॅनलना वीज कमी, म्हणून सहा उपकरणांपैकी फक्त कॅमेरा चालू ठेवलेला. तेवढ्यातही कळलं की घनता पाण्याच्या 1.3 पटच आहे, म्हणजे आत जवळपास निम्मी पोकळी! माझं स्पष्ट मत, तिथे परत जाऊन नीट प्रदक्षिणा घालायलाच हवी.

खगोलवेडा:
नाही पटलं. काळ्या कार्बनी लघुग्रहांचा माल आता हातात आहे की. जपानच्या हायाबुसा 2 यानाने 2020 मध्ये ऱ्युगूवरून 5.4 ग्रॅम आणलं, नासाच्या ओसायरिस-रेक्सने 2023 मध्ये बेनूवरून 121.6 ग्रॅम. बेनूच्या मातीत प्रथिनांमधल्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं सापडली, खाऱ्या पाण्यातून उरलेले क्षार सापडले. हे कुठल्या कॅमेऱ्याला दिसणार होतं? आणि हे दोघेही मुळात पट्ट्यातूनच आलेत.

निरभ्र:
आलेत, पण तुकडे होऊन. बेनू अर्धा किमी, ऱ्युगू एक किमीसुद्धा नाही, दोन्ही फुटलेल्या मोठ्या पिंडाचा राडारोडा परत गोळा होऊन बनलेले. मॅथिल्डवर 33 किमीचं कारू विवर आहे, म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून मोठं, आणि असे अनेक दणके खाऊनही तो फुटला नाही. पोकळपणामुळे धक्का आतच जिरतो असं मानतात. ते तपासायचं तर आख्खा पिंडच बघायला लागेल, ग्रॅमभर मातीतून नाही कळणार.

पूर्वा_तारा:
पट्ट्यात जायचंच तर 24 थेमिसकडे जा ना, तोही काळा, कार्बनी, आणि त्याच्या पृष्ठभागावर पाण्याच्या बर्फाच्या खुणा मिळाल्यात. पाणी पृथ्वीवर कुठून आलं हा प्रश्न विवरांपेक्षा कितीतरी मोठा आहे. मॅथिल्डला निदान एकदा भेट तरी मिळालीय.

निरभ्र:
थेमिसला विरोध नाहीच, पण "भेट मिळालीय" हे मी मान्य करणार नाही. स्वतःभोवती एक फेरी घ्यायला मॅथिल्डला 17 दिवसांहून जास्त लागतात आणि यान सेकंदाला 10 किमी वेगाने निघून गेलं, त्यामुळे 40 टक्के पृष्ठभाग अजून कुणी पाहिलेलाच नाही.