स्क्रीन नसलेल्या हार्ट-रेट पट्ट्यांचं पेअरिंग सुरक्षित कसं करावं?

सर्किटवाला:
फिजिओथेरपी केंद्रासाठी 8 मनगटी पट्टे करतोय. एनआरएफ52832 (ब्लूटूथ चिप), मॅक्स30102 (नाडी मोजणारा सेन्सर), एक बटण, स्क्रीन नाही. झेफिर या ऑपरेटिंग सिस्टिमवर ब्लूटूथ एलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ), नेहमीची हार्ट रेट सर्व्हिस. डेटा एनआरएफ52840 च्या गेटवेला (सगळ्या पट्ट्यांचा डेटा घेणाऱ्या उपकरणाला) जातो. पण बाहेर बसलेला कुणीही एनआरएफ कनेक्ट ॲप उघडून आकडे बघू शकतो. व्हॅल्यूला एन्क्रिप्शनची परवानगी लावली, तरी नोटिफिकेशन (पट्टा आपणहून पाठवतो ते आकडे) येतातच. पट्ट्यामागे 6 आकडी पासकी (पेअरिंगच्या वेळी टाकायचा अंक) छापली तर भागेल का? बॅटरीचीही काळजी आहे.

बिट-बाइट:
व्हॅल्यूची परवानगी फक्त रीड-राइटला लागते. नोटिफिकेशन सुरू होतं सीसीसी डिस्क्रिप्टरवर (नोटिफिकेशन चालू-बंद करणाऱ्या नोंदीवर) लिहिल्यावर, त्यामुळे 'ऑथेंटिकेटेड राइट' (खात्रीशीर पेअरिंग झालेल्यालाच लिहू देणारी परवानगी) तिथे लावा. ही चूक सर्रास दिसते. शिवाय एससी ओन्ली (फक्त सिक्युअर कनेक्शन्स, म्हणजे नवी पेअरिंग पद्धत) चालू करा, म्हणजे सुरक्षेची लेव्हल 4 आणि 128 बिटांची की याखाली काही चालणार नाही. जस्ट वर्क्स (काहीही न विचारता होणारं पेअरिंग) आपोआप बंद होईल. त्यात मधल्या माणसाला (दोघांच्या मध्ये घुसणाऱ्या हल्लेखोराला) अडवायची सोयच नाही.
बॅटरीचं टेन्शन नको. पी-256 चं (की ठरवायचं) जड गणित पेअरिंगपुरतं, नंतरचं एईएस एन्क्रिप्शन चिपमधलं हार्डवेअर करतं. पॅकेटमागे 4 बाइट वाढतात, एवढंच.

कीचेन:
छापील पासकी नको. सिक्युअर कनेक्शन्समध्ये पासकीचे 20 बिट 20 फेऱ्यांत एकेक करून तपासले जातात. पेअरिंग चालू असताना कुणी स्निफर (हवेतली पॅकेट ऐकणारं यंत्र) लावून बसला, तर प्रत्येक फेरीचा नॉन्स (एकदाच वापरायचा यादृच्छिक आकडा) उघड झाल्यावर तो बिट 0 होता की 1 हे त्याला पडताळता येतं. एक पेअरिंग ऐकलं की पासकी गेली. दर वेळी नवी असेल तर बिघडत नाही, कारण ती पुन्हा कामाची नसते. छापलेली मात्र कायमची तीच.
गेटवे तुमचाच आहे, तर आउट ऑफ बँड (पेअरिंगची माहिती ब्लूटूथऐवजी दुसऱ्या मार्गाने देणं) करा. 52832 मध्ये एनएफसी टॅग (अगदी जवळ आणल्यावरच वाचता येणारा) आहे: पी0.09 आणि पी0.10 या पिनना कॉइल, 13.56 मेगाहर्ट्झला ट्यून करणारे कपॅसिटर. हे पिन जीपीआयओ (साधे इनपुट-आउटपुट पिन) म्हणून सेट असतील तर टॅग मुका राहतो, आधी ते बघा. 52840 एनएफसी रीडर होऊ शकत नाही. गेटवेला एसटी25आर3911बी सारखा रीडर जोडावा लागेल. पेअरिंग फक्त बटण 5 सेकंद दाबल्यावर, 30 सेकंदांपुरतं उघडा.

सर्किटवाला:
गेटवे बदलला तर?

बिट-बाइट:
पट्ट्यात जुना बाँड (जुन्या पेअरिंगची साठवलेली की) राहतो आणि नव्या गेटवेकडे ती की नसते, म्हणून नव्याने पेअर करावं लागतं. मग वैतागून लोक फर्मवेअरला नवं पेअरिंग आपोआप स्वीकारायला लावतात. तसं केलंत तर हल्लेखोरालाही तेच दार उघडं. जुना बाँड बटण दाबल्यावरच पुसा.

कीचेन:
पट्ट्याचा ब्लूटूथ ॲड्रेस दर 15 मिनिटांनी बदलणारा ठेवा, पण ॲडव्हर्टायझिंगमध्ये (पट्टा सगळ्यांना ऐकू जाईल असं जे पाठवतो त्यात) 'पेशंट-3' असं नाव असेल तर त्या बदलाला काही अर्थ नाही. ॲपप्रोटेक्टही (चिपमधली मेमरी बाहेरून वाचू न देणारं कुलूप) चालू करा. मात्र 52 मालिकेच्या जुन्या चिपमध्ये ते व्होल्टेज ग्लिचने (वीजपुरवठ्याला क्षणभर झटका देऊन) ओलांडता येतं, हे 2020 मध्येच दाखवलं गेलंय. म्हणून आठही पट्ट्यांत एकच मास्टर की अजिबात घालू नका.