शब्दचर्चा : किर्केगॉरचा ‘डिस्पेअर’ म्हणजे निराशा?

प्रश्न : डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉरच्या ‘सिकनेस अन्टू डेथ’ या पुस्तकातल्या ‘डिस्पेअर’ला मराठीत निराशा म्हणावं, वैफल्य की विषाद?

उत्तर १ : इंग्रजीवरून निघालात तर निराशाच हाती लागणार, ‘डिस्पेअर’च्या मुळाशी लॅटिनमधली आशाच आहे. पण १८४९चं मूळ पुस्तक डॅनिशमध्ये आहे आणि तिथला शब्द ‘फोर्टव्हिव्हलेल्स’. त्यात आशा नाही. आहे तो ‘ट्विव्हल’, म्हणजे संशय, आणि त्याच्याही पोटात ‘दोन’. जर्मन ‘त्स्वायफेल’–‘फेरत्स्वायफ्लुंग’ ही जोडी तशीच. आपल्या ‘द्विधा’चे हे चुलते.

वैफल्य तर बादच करा. त्याला आधी काहीतरी फसावं लागतं. इथे सगळं सुरळीत चाललेल्या, सुखाने झोपणाऱ्या माणसालाही हा आजार असतो आणि त्याला पत्ताच नसतो. हा पहिला प्रकार. मग आपण जे आहोत ते नको असणं, आणि शेवटी हट्टाने ‘मी माझा मीच’ म्हणत आपल्याला घडवणारा नाकारणं.

प्रश्न : नकळत विषाद?

उत्तर १ : तिथेच अडतं. अर्जुनही द्विधेत आहे खरा, पण त्याचा विषाद त्याला पुरता ठाऊक आहे. गांडीव हातातून निसटतंय हे तो स्वतःच सांगतो.

उत्तर २ : शब्दाइतकंच शब्दयोगी अव्यय सांभाळा. किर्केगॉर एका तळटीपेत ‘ओव्हर’ आणि ‘ओम’ ही डॅनिश अव्ययं वेगळी काढतो: जे आपल्याला निराशेत जखडतं त्याच्यापायी निराश, जे सोडवू शकलं असतं त्याच्याविषयी निराश. दोन्हीकडे ‘मुळे’ लावलं की हा भेद गेला. त्याचंच सीझर व्हायला निघालेल्याचं उदाहरण घ्या. ‘सीझर होता आलं नाही म्हणून निराश’ हे भाषांतर वरवरचं. सीझर न झालेला ‘मी’ त्याला सोसवत नाही आणि टाकताही येत नाही.

उत्तर ३ : आणि ‘सेल्व्ह’ला (इंग्रजीतला ‘सेल्फ’) आत्मा नको. आत्मा अविकारी, किर्केगॉरचा स्व म्हणजे स्वतःशीच नातं जोडणारं नातं, जे अजून घडायचंय. ‘मीपण’ला अहंकाराचा वास येतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या ‘डिस्पेअर’ला मात्र (१९४५चं व्याख्यान) निराशाच बसते, तीही अक्षरशः निर्-आशा: आपल्या हाती आहे तेवढ्यावरच भिस्त, बाकीची आशा न धरता काम करणं.

प्रश्न : किर्केगॉरसाठी ‘दुभंग’ चालेल?

उत्तर १ : व्युत्पत्तीने उत्तम. पण वाचकाला ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ आठवेल, तसं ‘नैराश्य’ने डिप्रेशन. मी ‘निराशा’च ठेवेन आणि पहिल्याच वापराला दोन ओळींची टीप देईन.