डब्यात मोबाइल वाजला, म्हणजे शील्डिंगचा रंग फुकट गेला का?

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी, सांगली)

नमस्कार मंडळी. आमचे छोटे वर्कशॉप असून ठिबक सिंचनाच्या पंपांना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. पूर्वी ॲल्युमिनियमचा डबा वापरत होतो. यंदा खर्च वाचवण्यासाठी एबीएस प्लॅस्टिकचा डबा घेऊन त्याला शील्डिंगसाठी, म्हणजे बाहेरच्या विद्युतचुंबकीय लहरी अडवण्यासाठी, आतून निकेलचा वाहक रंग मारून घेतला. शेजारची व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) सुरू झाली की नव्या डब्यातल्या प्रेशर सेन्सरचे आकडे नाचू लागतात. रंग तपासण्यासाठी डब्यात मोबाइल ठेवून झाकण लावले आणि रिंग दिली, तर तो खणखणीत वाजला. रंग पुरवणारे मात्र ‘६० डेसिबल’ छापलेला कागद दाखवतात. खोटे कोण बोलत आहे, आणि आम्हाला स्वतःला हे मोजता येईल का?

उत्तर १ (सातारा)

दोघेही खरे बोलत असू शकतात. शील्डिंग मोजायचे म्हणजे कवच नसताना पोहोचणारे क्षेत्र आणि कवच घातल्यावर पोहोचणारे क्षेत्र यांचे गुणोत्तर काढायचे. २० डेसिबल म्हणजे क्षेत्र दहाव्या भागावर येते, ४० म्हणजे शंभराव्या आणि ६० म्हणजे हजाराव्या. मोबाइल हे गुणोत्तर सांगत नाही, तो फक्त वाजतो किंवा वाजत नाही. टॉवर जवळ असल्याने फोनला उणे ६० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) सिग्नल मिळत असेल आणि डब्याने ४० डेसिबल कापले, तरी उरलेल्या उणे १०० डीबीएमवर बरेच फोन काम करतात. हाच डबा कास पठाराच्या एखाद्या आडवाटेला नेलात, तर फोन गप्प बसेल आणि तुम्ही रंगाची स्तुती कराल.

उत्तर २ (मिरज)

कागदावरचा आकडा बहुधा एएसटीएम डी४९३५ या प्रमाणित चाचणी पद्धतीचा असावा, विचारून घ्या. त्यात फुगवलेल्या कोॲक्सियल केबलसारखे (मध्ये तार, भोवती नळी) दोन अर्धभाग असतात आणि सपाट नमुना त्यांच्यामध्ये दाबून धरतात. मोजमाप दोनदा होते, एकदा पूर्ण चकतीवर आणि एकदा त्याच पदार्थाच्या, त्याच जाडीच्या, पण बाहेरचे कडे व मधली छोटी चकती एवढ्याच संदर्भ नमुन्यावर. पुष्कळ जण दुसऱ्या वेळी मध्ये काहीच न ठेवता मोजतात आणि तिथेच आकडा बिघडतो, कारण दोन्ही वेळा फटीची जाडी सारखी राहिली नाही, तर फरक पदार्थाचा आहे की फटीचा हे कळत नाही. शिवाय ही पद्धत ३० मेगाहर्ट्झ ते १.५ गिगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यासाठी आणि दूरच्या सपाट लहरीसाठी आहे. ड्राइव्हचे स्विचिंग मात्र काही किलोहर्ट्झवर चालते आणि तुमचा सेन्सर तिच्या अगदी जवळ आहे. अशा जवळच्या चुंबकीय क्षेत्राला पातळ रंग फारसा अडवत नाही. तांब्यातसुद्धा १० किलोहर्ट्झला स्किन डेप्थ (क्षेत्र धातूत जेवढ्या खोलीवर बरेच क्षीण होते ती खोली) सुमारे ०.६६ मिलिमीटर असते, आणि रंगाचा थर तर मायक्रॉनमध्ये मोजायचा.

उत्तर ३ (सातारा एमआयडीसी)

माझा भर डब्यावर आहे, कारण चकतीचा आकडा डब्याला लागू होत नाही. झाकणाच्या सांध्यात १५ सेंटिमीटर लांबीची फट राहिली, तर ढोबळ हिशेबाने १०० मेगाहर्ट्झला २० डेसिबलच हाती लागतात आणि १ गिगाहर्ट्झला जवळपास शून्य, मग रंग साठचा असो की ऐंशीचा. फटीची रुंदी नव्हे, लांबी घातक असते. घरच्या घरी मोजायचे असेल, तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातला बॅटरीवर चालणारा छोटा ट्रान्समीटर डब्यात ठेवावा, बाहेर ठरावीक अंतरावर स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारे यंत्र) ठेवावा आणि झाकण उघडे व बंद असे दोन आकडे घ्यावेत. डबा फिरवून पुन्हा घ्यावेत, कारण एका बाजूचे मोजमाप फसवते. ॲनालायझरचा स्वतःचा गोंगाट कुठे आहे हेही आधी पाहावे. तो सिग्नलच्या ३० डेसिबलच खाली असेल, तर त्यापुढचे शील्डिंग दिसणारच नाही. अधिकृत अहवाल हवा असल्यास खारघरच्या समीर किंवा पुण्याच्या एआरएआय या चाचणी करणाऱ्या संस्थांकडे चौकशी करावी, आणि डबा १० सेंटिमीटर ते २ मीटर या मापाचा असल्याने आयईईई २९९.१ या चाचणी मानकाचे नाव घ्यावे. मात्र आधी सेन्सरच्या केबलची जाळी डब्यात शिरतानाच चहूबाजूंनी जोडलेली आहे का, ते बघा. लांब पिगटेल (जाळीला जोडलेली एकेरी वायर) ठेवले असेल, तर डब्यावर खर्च करून उपयोग नाही.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आत्ताच मल्टिमीटरचे एक टोक झाकणाच्या रंगाला आणि दुसरे डब्याच्या रंगाला लावून झाकण बंद केले. विद्युत जोडणी (सातत्य) अजिबात नाही. रंग मारताना खाचेला चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे झाकण बसते तो संपूर्ण काठ कोरा राहिला आहे. केबलची जाळीही १२ सेंटिमीटर लांब वायरने अर्थच्या स्क्रूला बांधलेली आढळली. आधी ती क्लॅम्पने प्रवेशाशीच जोडतो, काठ रंगवून त्यावर वाहक गास्केट (फट बुजवणारी पट्टी) बसवतो आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळे घेऊन इथे टाकतो.