विजेच्या मीटरवरचा नेमका कोणता आकडा बिलात धरला जातो?

जिन्याखालचे बिऱ्हाड (प्रश्न)

साताऱ्यातील एका जुन्या वाड्याचे भाग पाडून केलेल्या इमारतीत आम्ही अलीकडेच भाड्याने राहायला आलो आहोत. सर्व बिऱ्हाडांचे मीटर जिन्याखाली एकाच फळीवर ओळीने बसवलेले आहेत. यापुढे दर महिन्याचे रीडिंग स्वतः वहीत नोंदवून ते बिलाशी ताडून पाहावे असे मी ठरवले, परंतु मीटरच्या पडद्यावर एक आकडा स्थिर राहतच नाही. आधी तारीख येते, मग वेळ, मग २३० च्या आसपासचा एक आकडा, त्यानंतर एकमेकांच्या जवळचे पण वेगवेगळे असे दोन मोठे आकडे (आज ते ४८७१.६ आणि ५०९०.२ असे होते) आणि शेवटी १.८४ असा एक लहान आकडा येऊन पुन्हा तारीख सुरू होते. मागच्या बिलावर चालू रीडिंग ४८२६ आणि मागील रीडिंग ४६५३ असे छापलेले आहे.

या दोन मोठ्या आकड्यांपैकी बिलाचा आकडा कोणता, दुसरा कशासाठी असतो, आणि मीटर बरोबर चालतो आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते का, एवढे तीन प्रश्न आहेत. मीटरवर लाल दिवेही आहेत. त्यांतला एक लुकलुकतो आणि ‘अर्थ’ (इंग्रजी Earth) असे लिहिलेला दुसरा सतत पेटलेला असतो. त्याचा या विषयाशी संबंध असेल तर तोही सांगावा.

गणिताच्या बाई

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत दिसणाऱ्या एककात आहे. ज्या आकड्यासमोर केडब्ल्यूएच, म्हणजे किलोवॅट-तास, असे येते तोच बिलाचा आकडा, आणि आपल्या बाबतीत तो ४८७१.६ असणार, कारण बिलातील ४८२६ नंतर त्याच्याच पुढे जाणारा तो आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक किलोवॅट-तास होतो आणि त्यालाच आपण एक युनिट म्हणतो. दशांश चिन्हानंतरचा अंक रीडिंगमध्ये धरत नाहीत, त्यामुळे वहीत ४८७१ लिहावे. जुन्या, फिरत्या चकतीच्या मीटरमध्ये शेवटचा अंक लाल चौकटीत असे, तोही याच कारणाने सोडून द्यावा लागे. तो धरला तर वापर दसपट झाल्यासारखा दिसतो, आणि जुन्या घरांत अजूनही कोणी ना कोणी तो धरून घाबरते.

दुसरा मोठा आकडा केव्हीएएचचा, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर-तासांचा आहे. पंखा, पंप, फ्रिज अशी मोटर असलेली उपकरणे तारेतून जेवढा प्रवाह खेचतात, त्या सगळ्याचे प्रत्यक्ष कामात रूपांतर होत नाही, आणि हा आकडा त्या एकूण खेचलेल्या विजेचा असल्यामुळे तो केडब्ल्यूएचपेक्षा नेहमी थोडा पुढे राहतो. आपले दोन आकडे एकमेकांना भागले तर ०.९६ च्या जवळपास येते, म्हणजे आपला पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) चांगला आहे. मोठ्या औद्योगिक ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर होते, सिंगल फेज घरगुती ग्राहकाचे होत नाही. २३० म्हणजे विजेचा दाब (व्होल्टेज) आणि १.८४ बहुधा एमडी, म्हणजे त्या महिन्यात कोणत्याही अर्ध्या तासात आलेला सर्वाधिक सरासरी भार किलोवॅटमध्ये. तो बिलावरील मंजूर भारापेक्षा सतत जास्त येत असेल तर मंजूर भार वाढवून घेणे इष्ट, परंतु युनिट त्यावरून ठरत नाहीत.

आता वजाबाकी. ४८२६ मधून ४६५३ वजा केले की १७३ उरतात. बिलावर ‘गुणक अवयव’ असा एक रकाना असतो, त्या संख्येने या फरकाला गुणायचे. घरगुती मीटरला तो जवळजवळ नेहमी १ असतो, पण एकदा पाहून घ्यावा. हे १७३ युनिट टप्प्यांत विभागले जातात. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत. आपले पहिले १०० युनिट पहिल्या दराने आणि उरलेले ७३ दुसऱ्या दराने आकारले जातात. शंभरचा आकडा ओलांडला की सगळेच युनिट महाग होतात हा समज फार पसरलेला असून तो चुकीचा आहे. वीज आकाराशिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क हे वेगळे लागतात, म्हणून बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून ‘दर’ काढण्यात अर्थ नाही.

वहीत आकड्याबरोबर तारीख आणि वेळ अवश्य लिहावी. बिल महिन्याच्या १ तारखेपासून ३० तारखेपर्यंतचे नसते, ते दोन रीडिंगांमधील दिवसांचे असते. ही तारीख ‘चालू रीडिंग दिनांक’ म्हणून छापलेली असते. एका महिन्यात २९ दिवस आणि पुढच्या महिन्यात ३४ दिवस आले तर पंखा तेवढाच चालूनही बिल फुगलेले दिसेल.

जुना वायरमन

बाईंनी लिहिलेले सर्व बरोबर आहे, तरी एक पायरी त्याच्याही आधीची आहे. बिलावरचा मीटर क्रमांक आणि फळीवरच्या मीटरच्या पाटीवर कोरलेला क्रमांक एकच आहे का, हे प्रथम पाहावे. जिन्याखाली ओळीने मीटर असलेल्या इमारतींत भाडेकरू बदलतात, भिंती पडतात, खोल्या इकडच्या तिकडे जातात आणि एकाच्या खोलीची तार दुसऱ्याच्या मीटरला लागलेली सापडते.

लुकलुकणारा दिवा हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मीटरच्या पाटीवर ‘३२०० इम्पल्स प्रति केडब्ल्यूएच’ असे काहीतरी छापलेले असते. काही मीटरना ही संख्या १६०० किंवा ६४०० असते. ३२०० असेल तर तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते. यावरून कोणत्याही क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते काढता येते. ११२५ ला दोन लुकलुकण्यांमधील सेकंदांनी भागावे. घरातील सर्व काही बंद करून ७५ वॅटचा एकच साधा पंखा पूर्ण वेगात लावला तर दिवा १५ सेकंदांनी एकदा लुकलुकला पाहिजे. हल्लीच्या ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला तेवढ्यासाठी ३७ ते ३८ सेकंद लागतात, आणि २००० वॅटचा गिझर लावला तर दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकल्यासारखा दिसतो. एकच अंतर मोजू नये. दहा लुकलुकण्यांचा वेळ मोबाइलवर मोजून त्याने ११२५० ला भागावे म्हणजे चूक कमी होते. उत्तर उपकरणावर छापलेल्या वॅटच्या आसपास आले तर मीटर ठीक आहे असे समजावे, थोडा फरक पडणारच, कारण दाब २३० वर अडून बसत नाही.

मात्र तुम्ही शेवटच्या दोन ओळींत जाता जाता जे लिहिले आहे, ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. ‘अर्थ’चा दिवा सतत पेटलेला असणे चांगले लक्षण नाही. घरातली एमसीबी पाडून, म्हणजे सर्व बंद करून, मीटरवरचा लुकलुकणारा दिवा थांबतो का ते कृपया पाहून येथे लिहावे.

जिन्याखालचे बिऱ्हाड

दोघांचेही आभार. मीटर क्रमांक जुळतो आणि गुणक अवयव १ आहे. पाटीवर ३२०० हीच संख्या आहे. रात्री घरातील मुख्य एमसीबी पाडली, सर्व खोल्यांत अंधार झाला, तरीही दिवा लुकलुकतच राहिला. दोन लुकलुकण्यांमध्ये साधारण ९ सेकंद जात होते, म्हणजे तुमच्या हिशोबाने १२५ वॅट. ‘अर्थ’चा दिवाही पेटलेलाच होता. शेजारच्या बिऱ्हाडात त्या वेळी दूरदर्शन संच चालू होता. तो बंद झाल्यावर आमचा दिवा बराच मंदावला. मीटर खराब आहे असे समजून तपासणीसाठी अर्ज करावा काय?

जुना वायरमन

अर्ज करण्याची घाई करू नये, कारण तपासणीत मीटर बहुधा निर्दोषच ठरेल. तुमच्या मीटरमध्ये दोष नसावा, तुमच्या आणि शेजाऱ्याच्या वायरिंगमध्ये तो असावा.

सध्याचे बहुतेक इलेक्ट्रॉनिक सिंगल फेज मीटर फेजच्या तारेतला आणि न्यूट्रलच्या तारेतला असे दोन्ही प्रवाह मोजतात. वायरिंग शुद्ध असेल तर जेवढा प्रवाह फेजने आत जातो तेवढाच न्यूट्रलने परत येतो आणि दोन्ही आकडे सारखे असतात. ते वेगळे पडले की मीटर ‘अर्थ’चा दिवा लावतो आणि त्या दोहोंपैकी जो प्रवाह मोठा असेल त्यावर युनिट मोजतो. वीजचोरी करणारे पूर्वी न्यूट्रल सोडून देऊन परतीचा प्रवाह जमिनीत घालवत, त्यावर उपाय म्हणून मीटरमध्ये ही व्यवस्था आली. त्याची झळ आता प्रामाणिक माणसालाही बसते.

तुमच्या घरची एमसीबी एकाच पोलची असणार. ती फक्त फेज तोडते, न्यूट्रल मीटरपासून घरापर्यंत जोडलेलीच राहते. वाड्याचे भाग पाडताना कोणीतरी एखाद्या खोलीची न्यूट्रल शेजारच्या जोडणीत घातलेली असावी, किंवा दोन्ही घरांच्या न्यूट्रल एका जंक्शन बॉक्समध्ये एकत्र झालेल्या असाव्यात. त्यामुळे शेजाऱ्याच्या संचातून परत येणाऱ्या प्रवाहाचा काही भाग तुमच्या न्यूट्रलने तुमच्या मीटरमधून जातो. तुमचा फेज शून्य, न्यूट्रलमध्ये प्रवाह, म्हणून मीटर न्यूट्रलचा प्रवाह धरून युनिट मोजतो.

एमसीबी पाडल्यावर दिवा थांबला असता आणि ‘अर्थ’चा दिवाही विझला असता, तर दोष तुमच्याच घरातला, म्हणजे बहुधा गिझरच्या कॉइलमधून किंवा ओल आलेल्या भिंतीतून गळती होते आहे, असा अर्थ झाला असता. तो प्रकार अधिक धोकादायक, कारण त्यात अंगाला झटका बसण्याची भीती असते. तुमच्या बाबतीत तसे दिसत नाही.

पुढे काय करायचे तेही सांगतो. परवानाधारक वायरमनला बोलावून तुमच्या घराच्या न्यूट्रल शेजाऱ्यांच्या न्यूट्रलपासून पूर्ण वेगळ्या करून घ्याव्यात, आणि मुख्य स्विच दोन पोलचा बसवून त्यापुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाहांत फरक पडताच वीज तोडणारा स्विच, लावावा. न्यूट्रल कोठे तरी मिसळलेली राहिलीच तर आरसीसीबी टिकत नाही, लगेच पडतो, त्यामुळे काम पक्के झाले की नाही याची परीक्षाही त्यानेच होते. मीटर, त्याचे सील किंवा त्याच्या आधीचा कटआउट (फ्यूज) यांना मात्र कोणीही हात लावू नये. मीटरमध्ये फेरफार करणे विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली येते. त्या बाजूला काही करायचे असल्यास महावितरणच्या १९१२ या दूरध्वनी क्रमांकावर कळवून कर्मचाऱ्याला बोलवावे.

टेरेसवरचा ग्राहक

एक लहानशी भर. रीडिंग न घेता काही महिने सरासरी बिल आले आणि नंतर खरे रीडिंग घेतले गेले, तर साठलेले सगळे युनिट एकाच महिन्यात धरून वरच्या टप्प्यात टाकलेले नाहीत ना, हे पाहावे. ते त्या त्या महिन्यांत विभागले गेले पाहिजेत. २०२० साली टाळेबंदीमुळे रीडिंग बंद होते आणि जूनमध्ये एकदम बिले आली, तेव्हा हाच हिशोब राज्यभर चर्चेत होता. ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत त्यांच्या नेट मीटरवर आयात आणि निर्यात असे दोन केडब्ल्यूएच दिसतात, तेथे दोन्हींची वजाबाकी वेगवेगळी करावी लागते.

वायरमनकाकांना एक शंका विचारतो. प्रश्नकर्त्यांच्या मीटरवर शेजाऱ्याचे युनिट चढत असतील, तर शेजाऱ्याचे बिल तेवढे कमी येत असेल काय?

जुना वायरमन

नाही. शेजाऱ्याचा फेज त्याच्याच मीटरमधून पूर्ण जातो. न्यूट्रल कमी परतली तरी मीटर मोठा आकडा म्हणजे फेज धरतो, त्यामुळे त्याचे युनिट पूर्ण मोजले जातात, आणि त्यांतलाच काही भाग प्रश्नकर्त्यांच्या मीटरवर पुन्हा मोजला जातो. प्रश्नकर्त्यांचा पंखा चालू असताना त्यांचा प्रवाहही असाच शेजाऱ्याच्या न्यूट्रलने परतत असणार. म्हणजे ‘अर्थ’चा दिवा शेजाऱ्याच्या मीटरवरही पेटलेला दिसला पाहिजे. जिन्याखाली जाऊन तो पाहावा, आणि दिसला तर वायरमनचा खर्च दोघांनी वाटून घ्यावा.