चांदीवरचा काळेपणा घासून काढावा का? आणि नावावरचा?

निळीशाई: आजीची चांदीची वाटी वर्षानुवर्षं कपाटात बंद होती, तरी काळी पडली. घासली की उजळते, पण कडेची नक्षी दरवेळी आणखी पुसट होते. आता हात लावायची भीती वाटते.

दुसरं, वडिलांवर कार्यालयात पैशांचा खोटा आळ आला होता. चौकशीत तो टिकला नाही. तरी लोक "झालं गेलं विसरा" म्हणतात, आणि त्यानेच ते जास्त खचतात. दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्रच येतात, म्हणून इथे एकत्र विचारते आहे.

मूस: घासणं आधी थांबवा. तो मळ नाही, सिल्व्हर सल्फाइड आहे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमधला गंधक चांदीशी जोडला गेला की हा थर बसतो. म्हणजे त्या काळ्या थरातही तुमची चांदीच आहे, आणि घासताना ती निघून जाते. लोकरीत गुंडाळली असेल किंवा रबर लावलं असेल, तर गंधक कपाटातच होता.

पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, वाटी फॉइलला टेकू द्या, खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओता. गंधक सुटतो आणि चांदी जागच्या जागी राहते. सडक्या अंड्यासारखा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. खडे बसवलेले किंवा ऑक्सिडाइज्ड दागिने मात्र यात घालू नका.

जुनीपानं: वडिलांचं दुःख मला अगदी रास्त वाटतं. फ्रान्सच्या सैन्यातले कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांना 1894 मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली जन्मठेप झाली. पुराव्यातलं हस्ताक्षर एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचं आहे, हे 1896 मध्ये सैन्याच्या गुप्तचर विभागाचे प्रमुख पिकार यांनी ओळखलं. तरीही 1899 मध्ये ड्रेफस यांना पुन्हा दोषीच ठरवलं आणि वर राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. माफीने सुटका झाली, गुन्हा नावावर तसाच राहिला. ते लढत राहिले. 1906 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालच रद्द केला आणि त्यांना बढतीसह सैन्यात परत घेतलं गेलं.

"विसरा" म्हणणारे तुमच्या वडिलांना माफीच देऊ करताहेत. निर्दोष असल्याचं लेखी पत्र त्यांना मिळालं होतं का?

निळीशाई: नाही. "प्रकरण बंद" एवढंच तोंडी सांगितलं होतं. वडिलांना आत्ताच तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. चौकशीची तारीख त्यांना पाठ आहे. अर्जाचा मसुदा आम्ही दोघं मिळून लिहितोय.